व्हॉल्व्ह रेडिओ अपडेट: ट्यूनिंगचा नॉब एकदाचा निघाला

व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब मागेच निघाले होते, ट्यूनिंगचा मात्र ढिम्म हलत नव्हता, आता तोही आला हातात. सेट एसी/डीसी आहे, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा, आत यूसीएच-४२, यूएल-४१, यूवाय-४१ वगैरे व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या).

आधी एक महत्त्वाचं. नॉबच्या कडेला ग्रब स्क्रूचं (नॉबला शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांडीवर, आवळून धरणारा बारीक स्क्रू) भोक असतं, त्यात काळपट काहीतरी भरलेलं दिसतं ना, तो मळ नाही, मेण आहे, मुद्दाम भरलेलं. ह्या सेटला मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही, व्हॉल्व्हचे सगळे फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) १०० मिलिअँपिअरवर सिरीजमध्ये आणि चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका वायरला, म्हणजे प्लग उलटा बसला की चॅसिसवर २३० व्होल्ट, तिथून शाफ्ट, शाफ्टवरून ग्रब स्क्रू, आणि बोट नेमकं त्याच भोकावर! त्यामुळे नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, मग फिल्टर कपॅसिटर (त्यात प्लग काढल्यावरही वीज साठलेली राहते) रेझिस्टर लावून डिस्चार्ज, आणि मगच हात घालायचा.

मेण सुईने कोरून काढलं. खाली स्क्रू गंजून घट्ट. बारीक सोल्डरिंग आयर्नचं टोक थोडा वेळ स्क्रूवर टेकवलं, गार झाल्यावर सिरिंजने मशीन ऑइलचा एक थेंब, रात्रभर तसंच ठेवलं. (व्हॉल्यूमच्या शाफ्टला हे जपून करा हं, तेल आत उतरून कार्बन ट्रॅकवर गेलं तर पॉट (आवाज कमीजास्त करणारा भाग) खरखरायला लागतो.) खाचेत बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला, सुटला.

तरी नॉब येईना! कारण स्क्रूच्या टोकाने शाफ्टवर खड्डा पडतो आणि त्याची कड वर उठते, ती आत अडकते. अशा वेळी ओढत बसू नका, नॉब आधी आत दाबा, शाफ्ट मागून पक्कडीने धरा, डावीउजवीकडे थोडं थोडं फिरवत बाहेर आणा. नॉबच्या मागच्या बाजूला बुटाची नाडी गुंडाळून दोन्ही टोकं सरळ ओढली की जोर सारखा लागतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाव काढू नका, बेकेलाइट उष्णतेने वितळत नाही पण कडेचा टवका पटकन उडतो.

कड कानसीने घासून घेतली, नॉब आता सुरळीत बसतोय. मेण परत भरायचंय, तोवर सेटला प्लग नाही.

राहिला बँड स्विचचा. त्याला स्क्रूच नाही, आत स्प्रिंगची पट्टी असावी, तिथे नाडीच चालवून बघणार.