कलाकृतीचा प्रेक्षक मधमाशी असेल तर

डिजिटल माध्यमातून निसर्ग दाखवणाऱ्या कलाकृती गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाल्या आहेत. त्यांतल्या अनेक डोळ्यांना सुखावतात आणि दालनाबाहेर पडताच विसरल्या जातात. ब्रिटिश कलावंत अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांचे काम मात्र मला सतत विचारात पाडते, कारण ज्या तंत्रज्ञानाच्या आधारे त्या काम करतात, त्याला काय जमत नाही हेही त्या त्याच तंत्रज्ञानातून दाखवतात.

त्यांची 2019 सालची 'द सब्स्टिट्यूट' ही कलाकृती उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याविषयी आहे. या उपजातीतला शेवटचा नर, सुदान, मार्च 2018 मध्ये केनियात मरण पावला आणि मागे नाजिन व फातू या मायलेकी तेवढ्या उरल्या. भव्य पडद्यावरच्या रिकाम्या पांढऱ्या खोलीत एक गेंडा अवतरतो. सुरुवातीला तो ओबडधोबड ठोकळ्यांचा असतो. खोलीत फिरत, हुंगत, जागेचा अंदाज घेत असताना त्याचे रूप हळूहळू स्पष्ट होत जाते, कातडीवरच्या सुरकुत्या दिसू लागतात, तो आपल्याकडे पाहतो आणि नाहीसा होतो. त्याच्या हालचाली आणि आवाज शेवटच्या कळपाच्या जुन्या चित्रफितींवरून घेतलेले आहेत. परंतु त्याला ना माती आहे, ना गवत, ना सोबती. जो जीव आपल्या हातून गेला त्याची हुबेहूब प्रतिमा समोर उभी राहिली, तरी ती नेमकी कशाची भरपाई करते, हा प्रश्न ही कलाकृती कोणतेही भाष्य न करता विचारते.

त्याहून महत्त्वाचे मला वाटते ते त्यांचे 'पॉलिनेटर पाथमेकर'. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या ईडन प्रोजेक्ट या वनस्पती-उद्यानात 2021 साली या प्रकल्पातली 55 मीटर लांबीची पहिली बाग लावली गेली. पुढे लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये आणि बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या आवारातही बागा झाल्या. या बागांची आखणी माणसाच्या आवडीनुसार झालेली नाही. कोणते रोप कुठे लावायचे हे एक अल्गोरिदम, म्हणजे संगणकाला घालून दिलेली नियमांची मालिका, ठरवतो, आणि त्याच्यापुढे उद्दिष्ट एकच असते: जास्तीत जास्त प्रकारच्या परागवाहक, म्हणजे फुलाफुलांतून पराग वाहून नेणाऱ्या, कीटकांची सोय व्हावी. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग, भुंगेरे यांच्या तोंडांची रचना वेगळी, बाहेर पडण्याचे ऋतू वेगळे, अन्न शोधण्याच्या रीतीही वेगळ्या. काही भुंगे फुलांचा ठरलेला मार्ग लक्षात ठेवून रोज त्याच वाटेने जातात, तर काही कीटक एकाच ताटव्यात रमतात. या सगळ्यांचा विचार एकाच वेळी करणे माळ्याला अवघड जाते, गणिताला ते जमते.

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर कोणालाही आपल्या जागेची मापे देऊन अशी बाग आखता येते. पडद्यावर ती रंगवलेल्या चित्रासारखी उमलते, ऋतू बदलून पाहता येतात आणि कीटकाच्या नजरेनेही ती न्याहाळता येते. हा दृष्टिपालट फार बोलका आहे. मधमाशीला साधारण 300 ते 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. म्हणजे आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात, आणि आपला लाल रंग तिच्या लेखी जवळजवळ काळा असतो. सूर्यफुलाची पाकळी आपल्याला सलग पिवळी दिसते, पण अतिनील प्रकाशात तिचे टोक उजळ आणि बूड गडद असते, त्यामुळे फुलाच्या मध्याभोवती एक वर्तुळ उमटते आणि मधमाशीला मधाची जागा समजते.

इथे पडद्याची मर्यादा उघड होते. संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचा बनलेला आहे, कारण तो माणसाच्या डोळ्यांसाठी घडवला आहे. अतिनील दाखवायचे म्हणजे त्याला आपल्या ओळखीचा एखादा रंग उसना द्यायचा. मधमाशीला जे दिसते ते आपल्याला कधीच दिसणार नाही, केवळ त्याचा तर्क करता येईल, आणि माझ्या मते हा तर्क करायला भाग पाडणे हेच या कलेचे खरे बळ आहे. शिवाय खरी कलाकृती पडद्यावर नसून जमिनीत आहे. तिला पाणी घालावे लागते, तण काढावे लागते, आणि ती पाहायला कोण येईल हे ऊन-वारा ठरवतो.

संकेतस्थळावरची रोपांची निवड उत्तर युरोपच्या हवामानासाठी केलेली आहे, त्यामुळे तिथे आखलेली बाग पुण्यात जशीच्या तशी लावता येणार नाही. आपल्याकडे हे काम करायचे तर सातेरी, फुलोरी आणि आग्या या मधमाश्यांच्या सवयींपासून सुरुवात करावी लागेल, आणि युरोपातले चार ऋतूंचे कोष्टकही इथे अपुरे पडेल. सह्याद्रीतली कारवी हे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलते आणि त्या वर्षी महाबळेश्वरच्या परिसरातल्या मधाची चवच बदलते. तिच्यासाठी अल्गोरिदमला सात वर्षांचा हिशेब शिकवावा लागेल, आणि तो शिकवायला संगणकतज्ज्ञाच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या मध काढणारी डोंगरातली माणसे बसायला हवीत.