देवळालीत मराठी कुणीच नाही

दुपारपासून नुसती चिडचिड चाललीय आणि ती नेमकी कुणावर, हेच समजत नाहीये. मंजूवर तर नक्कीच नाही. तिनं कौतुकानंच पाठवलं होतं, "अगं, आपली देवळाली बीबीसीवर होती, तुला माहितेय?" जेवणं आटोपल्यावर मी बघत बसले ती उठलेच नाही. हसलेसुद्धा. हसू आलं त्याचाच जास्त त्रास होतोय का? असेल.

‘इट एन्ट हाफ हॉट मम’, बीबीसीची जुनी विनोदी मालिका. १९४५ साल, युरोपातली लढाई संपलेली, आणि देवळालीच्या छावणीत तोफखान्याची एक नाटकमंडळी. पोरं बायकांचे झगे घालून नाचतात, गातात, कारण नाटक चालू आहे तोवर आघाडीवर जावं लागत नाही. सार्जंट मेजर विल्यम्सला हे बघवत नाही. ह्यांना मर्द बनवून ब्रह्मदेशच्या जंगलात धाडायचं, एवढाच त्याचा ध्यास.

लिहिणाऱ्यांतला एक जिमी पेरी. हा स्वतः देवळालीला होता! तोफखान्यात, आणि तिथल्याच करमणुकीच्या मंडळीत. म्हणजे लाम रोडवरून तो चालला असणार. हे वाचल्यावर राग जरा ढिला झाला, मग उगाच पुन्हा चढला. डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्यानं आधी ‘डॅड्स आर्मी’ ही मालिका लिहिली होती. १९६८ पासून ती गाजत होती, आणि तीही पेरीच्या पोरवयातल्या होमगार्डच्या दिवसांवरून सुचलेली. पुढची ‘हाय-डी-हाय’ सुद्धा त्यानं सुट्टीच्या कँपात केलेल्या नोकरीतून आली. माणूस जगला तेच लिहीत गेला. मला वाटतं, मालिका चालली ती त्याच्यामुळेच. १९७४ मध्ये तिकडे टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी बापांनी असल्याच कुठल्यातरी छावणीत, असल्याच उकाड्यात, घरी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत दिवस काढले होते. ओरडणारा सार्जंट, बावळट कर्नल, आईला पत्रं लिहिणारं पोरगं, सगळी त्यांच्या ओळखीची माणसं. १९८१ पर्यंत ५६ भाग झाले. १९७५ मध्ये तर विल्यम्स झालेला विंडसर डेव्हिस आणि बुटका ‘लॉफ्टी’ झालेला डॉन एस्टेल यांनी ‘व्हिस्परिंग ग्रास’ हे जुनं गाणं म्हटलं, ते ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या नंबरवर होतं. लॉफ्टीचा आवाज खरंच फार गोड आहे.

रंगी राम हा मालिकेतला बेअरर, म्हणजे नोकर. ते काम मायकेल बेट्स नावाच्या गोऱ्या नटानं केलंय, चेहऱ्याला तपकिरी रंग लावून. त्यावरून तिकडे पुष्कळ टीका झाली आणि बीबीसी आता ही मालिका पुन्हा दाखवत नाही. बेट्स झाशीत जन्मलेला, युद्धात ब्रह्मदेशात गुरख्यांबरोबर होता. त्याची भाषा उसनी वाटत नाही. रंगाचा राग यायला हवा हे मला कळतं, आणि येतोही, पण माझं मन तिथे अडलेलं नाही.

अडलंय ते पंखेवाल्यापाशी. तो बाहेर बसून दोरी ओढत असतो. कुणी काही बोललं की उर्दूत पुटपुटतो, आणि शेवटचं वाक्य एकदम अस्खलित इंग्रजीत. चहावाला तसाच, हिंदुस्तानी बोलणारा. भगूर एवढं जवळ, खंडोबाची टेकडी डोक्यावर, आणि अख्ख्या छावणीत मराठीचं एक अक्षर माझ्या कानावर पडलं नाही. मी वाट बघत होते. हेच कारण होतं बसून राहण्याचं. कुणीतरी ‘काय रं’ म्हणेल, निदान मागून जाता जाता. आजोबांची सगळी नोकरी तिथल्या मेसमध्ये गेली. ते गोऱ्यांबद्दल फारसं बोलायचे नाहीत. एकदाच बोलले होते. ते नको आत्ता.

पण आजोबा तरी साहेबाशी काय मराठीत बोलत असतील? हिंदुस्तानीतच. ‘जी साब’, ‘लाया साब’. मराठी घरी, आजीशी, रात्री उशिरा. विशीतल्या त्या पेरीला ती कुठून ऐकू येणार होती? त्याला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं, आणि प्रेमानं लिहिलं, हे नाकारता येत नाही. चित्रीकरण इंग्लंडात झालं, नट कुणी झाशीचा, कुणी ढाक्याचा. चहावाला झालेला दिनो शफीक ढाक्याचा. श्रेयनामावली संपता संपता तो ‘लँड ऑफ होप अँड ग्लोरी’ म्हणायला लागतो आणि विल्यम्स खेकसून त्याला गप्प करतो. दर भागाला असंच. त्याच्या आवाजात अशी काही माया आहे की मी दर वेळी तिथपर्यंत थांबले.

आता चिडचिड तेवढी उरली नाही. थोडी आहे. देवळालीचं ते दुसरं अर्धं पेरीकडून येणारच नव्हतं, ते आमच्याच घरात पडून आहे. आत्याचं वय बघता ह्याच आठवड्यात जायला हवं तिच्याकडे. मेसमध्ये आजोबांबरोबर कोण कोण होतं, कुठल्या गावचे, सगळं लिहून घेईन. ती सांगताना पुन्हा पुन्हा विषय सोडून लग्नांवर जाते, तेही लिहीन.