शरदाची पानगळ बघायला

थोरलीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘ऑटम’च्या पानावर लालभडक झाडं, लोकरीची टोपी घातलेला एक मुलगा आणि पानांचा ढीग असं चित्र आहे. त्याच्या बाजूला मी पेन्सिलीने ‘शरद’ असं लिहून दिलं होतं. तिने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर, आणि विचारलं, “मग आपला शरद खोटा आहे का?”

बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. झाडं पावसाळ्याचं पाणी पिऊन अजून हिरवीगार. आपली पानगळ शिशिरातली. शरदात आपल्या वाट्याला टिपूर चांदणं येतं आणि दिवसा घामाच्या धारा. हे मी तिला समजावलं, तिला पटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत काश्मीरला जायचं ठरलं त्यात निम्मा वाटा या प्रश्नाचा होता. उरलेला निम्मा नवऱ्याच्या नव्या कॅमेऱ्याचा.

तर आम्ही पाच जण: आम्ही दोघं, नऊ वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. पर्यटन कंपनीने पाच दिवसांत गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम असं सगळं कोंबून दिलं होतं. दुसऱ्या रात्री धाकट्याला ताप आला आणि तो बेत तिथेच बारगळला. “गाडीचे पैसे परत मिळणार नाहीत,” असं कंपनीचा माणूस फोनवर फार गोड आवाजात म्हणाला. मी चिडले, नवरा त्याहून जास्त चिडला, मग दोघांनी मिळून औषधाची वेळ चुकवली. असो. ताप दीड दिवसात उतरला, पण लांबचं फिरणं नकोच म्हणून आम्ही श्रीनगरमध्ये नगीन सरोवराच्या बाजूला एका घरात खोल्या घेतल्या होत्या तिथेच राहिलो. म्हणून हे प्रवासवर्णन बरंचसं एका अंगणाचं आहे.

त्या घरच्या बाईंना मुलं आंटी म्हणत, सासूबाई ‘अहो ताई’. पहिल्या सकाळी ताई म्हणाल्या, हा आमचा हरुद. सासूबाईंनी लगेच कान टवकारले. “म्हणजे शरदच की हो!” आणि खरंच तसंच आहे. काश्मिरीत आपल्या ‘श’चा बरेचदा ‘ह’ होतो. शत म्हणजे शंभर, त्याचं हथ. शाक, म्हणजे पालेभाजी, तिचं हाख. तसा शरदाचा हरुद. थोरलीने वहीत ते लिहून घेतलं आणि खाली टीप दिली: ‘इथला शरद खरा’.

अंगणात दोऱ्यांवर वांगी वाळत होती. उभी चिरलेली, देठाशी जोडलेली, तोरणासारखी टांगलेली. शेजारी दुधीच्या लांब पट्ट्या, टोमॅटोच्या फोडी, सलगमच्या चकत्यांच्या माळा. बर्फ पडला की रस्ते बंद व्हायचे, ताजी भाजी मिळायची नाही, म्हणून ऊन आहे तोवर सगळं वाळवून ठेवायची ही जुनी रीत. आता भाज्या बाराही महिने येतात, पण वाळवलेल्या वांग्याची चव ताज्याला नाही असं ताईंचं ठाम मत. वांग्याला त्या ‘वांगन’ म्हणतात हे कळल्यावर सासूबाई जणू माहेरी आल्या. उन्हाळी वाळवणांत पन्नास वर्षं घालवलेली बाई. त्यांनी शाल खोचली, सुरी मागितली आणि दुधी चिरायला बसल्या. त्या दोघींचं हिंदी सारखंच कच्चं असल्याने गप्पांना अजिबात अडचण आली नाही.

धाकट्याचा ताप उतरला आणि त्याला फिरन मिळालं, दोन्ही एकाच दिवशी. फिरन म्हणजे गुडघ्याखाली येणारा ढगळ लोकरी झगा. त्यात हात आत ओढून घेतले की बाह्या रिकाम्या लोंबतात; हा शोध त्याला लागला आणि दोन दिवस तो बिनहातांचा फिरला. कांगडी मात्र मुलांना मिळत नाही. ती आजीला मिळाली. वेताच्या विणीसारख्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे, राख सारायला छोटी पळी बांधलेली. फिरनच्या आत धरायची. नोव्हेंबरमध्ये श्रीनगरला साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतर गारठा असा काही पायांतून चढतो की त्या भांड्याची किंमत कळते.

आणि त्यातला कोळसा पाहिला तेव्हा मला चिनारच्या, म्हणजे पुस्तकातल्यासारख्या लाल होणाऱ्या इथल्या झाडाच्या, पानांचं खरं काम समजलं. बायका मोठाले खराटे घेऊन पानं झाडतात, पोत्यांत भरतात, मग ढीग पेटवतात. पूर्ण राख व्हायच्या आत त्यावर पाणी शिंपडतात. उरतो तो हलका, काळा चुरा. तोच थंडीभर कांगडीत जातो. आम्ही ज्या पानांचे फोटो काढायला हजारो रुपये खर्चून आलो होतो, ती इथे सरपण होती. त्या आठवड्यात संध्याकाळी हवेत जो निळसर धूर तरंगायचा तो याचाच. नवऱ्याच्या सगळ्या फोटोंत तो आलाय, आणि तो ते मुद्दाम केलं असं सांगतो.

चिनार पाहायला दोनच ठिकाणी गेलो. निशात बाग नूरजहाँचा भाऊ आसफ खान याने १६३३ मध्ये उभारली. बारा टप्प्यांनी दल सरोवरापासून डोंगराकडे चढत जाते. सुंदर आहे, पण तिथे प्रत्येक झाडाखाली कुणीतरी पानं उधळून व्हिडिओ काढत होतं. आमच्या दोघांनी उधळायला घेतली तर मागून आवाज आला, “जरा बाजूला व्हा ना.”

नसीम बाग वेगळी. हजरतबल दर्ग्याजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात, मुघलांच्या काळची. कारंजी नाहीत, फुलांचे वाफे नाहीत, नुसते शेकडो चिनार आणि त्यांच्याखालून वर्गांना जाणारी मुलंमुली. जमीन दिसत नव्हती. पाऊल टाकलं की पापडाच्या डब्यात हात घातल्यासारखा आवाज. धाकटा त्यात बसला, मग आडवा झाला, मग दिसेनासा झाला. मी तोंडाने “अरे किडे असतील” म्हणत होते आणि मलाही तेच करायचं होतं.

थोरलीला कारणं हवी होती. पानातलं हिरवं म्हणजे हरितद्रव्य. दिवस लहान झाले, गारठा वाढला की झाड ते नव्याने बनवणं थांबवतं, असलेलं मोडून आत ओढून घेतं. मग मुळात पानात लपलेला पिवळा दिसायला लागतो. लाल मात्र आधीपासून नसतो; तो पानात उरलेल्या साखरेतून शेवटी शेवटी तयार होतो. “म्हणजे पिवळा जुना आणि लाल नवा,” ती म्हणाली. इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

पण त्या दिवसाची खरी गंमत तिथे पानं झाडणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांनी दाखवली. त्यांनी एक पान उचललं, देठाचं जाड टोक आमच्याकडे वळवलं. आत पोकळ! पेन्सिलीच्या टोकावर बसेल एवढं शंकूसारखं टोपण. मग खाली आलेली एक फांदी वाकवून पान जिथून गळलं ती जागा दाखवली. तिथे टोकदार, घट्ट मिटलेला कोंब. पुढच्या वसंताचा. चिनारची कळी इतर झाडांसारखी देठाच्या बगलेत उघड्यावर नसते, देठाच्या टोपणाखाली झाकलेली वाढते. पान पडतं तेव्हाच ती दिसते. सासूबाई म्हणाल्या, “टोपडंच की गं हे.” त्यानंतर धाकट्याने पानांत रस घेणं सोडून दिलं. त्याला फक्त टोपडी हवी होती. खिसे भरले, फिरनचे भरले, माझी पर्स भरली.

शेवटच्या सकाळी पांपोरला गेलो, श्रीनगरपासून अर्ध्या तासावर. केशराची शेतं लांबून उजाड मातीच दिसतात, वाकून पाहिलं की जांभळी फुलं. पानांशिवाय, जणू कुणी नुसती खोचून ठेवलेली. ऊन चढायच्या आत खुडायची. एका फुलात लाल तंतू तीनच, आणि किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं. थोरलीने बोटांवर साडेचार लाख तंतू मोजले आणि गप्प झाली. केशराला बी धरत नाही, जमिनीतल्या कंदांवरच पुढची पिढी. ओसरीवर एक अख्खं कुटुंब फुलांच्या ढिगाभोवती बसलं होतं, आजोबांपासून शाळकरी पोरापर्यंत, तंतू वेगळे करत. पोरगं मधूनच फुलं भावाच्या डोक्यावर टाकत होतं आणि आई न बघताच त्याला रागावत होती. सासूबाईंनी एक फूल हातात घेऊन निरखलं. “आमच्या पारिजातकाचे देठ या तंतूंसारख्याच रंगाचे,” त्या म्हणाल्या, “पण आम्ही ते पहाटे वेचून देवाला घालत बसलो.”

परतताना बॅगेत वांग्यांची एक माळ, धुराचा वास येणारे स्वेटर आणि वहीत दाबलेली चौदा पानं. पानांचा घरी पोचेपर्यंत चुरा झाला. देठ तेवढे शाबूत राहिले. आता धाकट्याच्या रंगपेटीतल्या सगळ्या पेन्सिलींवर तपकिरी टोपडी आहेत. थोरलीच्या पेटीवरही त्याने हात मारला होता, पण तिची लाल पेन्सिल तिने दिली नाही, त्यावरून काल रात्री जेवणं दोनदा थांबली.