लिफ्टनंतरची जिप्सी: थरथरीचा माग फेऱ्यांवरून

गेल्या नोंदीत जिप्सीच्या लिफ्टचं, म्हणजे गाडी उंच करण्याचं, काम लिहिलं होतं. मागच्या पाट्यांत (पानांच्या स्प्रिंगमध्ये) एकेक पान वाढवलं, पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे शॅकल लांब घातले, उंची दोनेक इंच मिळाली, टायर २३५/७५ आर १५. चोरलच्या नाल्यांतून गाडी आता पोट न घासता निघते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार इंदूर बायपासवरची आहे. पन्नासच्या पुढे फ्लोअर थरथरायला लागतो, साठला ती थरथर सीटमध्ये येते, सत्तरच्या वर पुन्हा निवळते. सोबत पायाखालून घुमणारा आवाज, तो एक्सलरेटर दाबला की चढतो.

ज्याला विचारावं तो एक पार्ट सुचवत होता. कुणी म्हणे क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) बदला, कुणी म्हणे डिफ (ॲक्सलमधला, चाकांना फिरवणारा डिफरन्शियल) उघडा, ओळखीचे मिस्त्री तर थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आले. मी मात्र पक्कं ठरवलं होतं की नेमकं काय थरथरतंय हे कळल्याशिवाय एकही पार्ट घ्यायचा नाही. चेसिसवर बांधलेल्या गाडीत आवाज लोखंडातून कुठूनही कुठेही जातो. मागच्या डिफचा आवाज गिअर लीव्हरपाशी ऐकू येतो. कानावर भरवसा ठेवला की खिसा रिकामा होतो आणि आवाज तसाच राहतो. पण फिरणारी प्रत्येक वस्तू आपापल्या वेगाने फिरते, आणि तो वेग गणिताने काढता येतो.

जिप्सीत हे गणित विशेष सोयीचं आहे. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो, आणि ट्रान्सफरमधून पुढच्या-मागच्या डिफकडे दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात. शिवाय हाय रेंजमध्येही (नेहमीच्या रस्त्यावर वापरायच्या) ट्रान्सफर सरळ एकास एक नाही, १.४०९ आहे. म्हणजे मधला आखूड शाफ्ट प्रोपेलर शाफ्टपेक्षा नेहमीच जोरात फिरतो. चाक, प्रोपेलर, मधला शाफ्ट, तिघांचे आकडे वेगवेगळे पडतात, एकमेकांत मिसळत नाहीत.

टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली, गाडी एक पूर्ण फेरा ढकलली, टेपने मोजलं: २.२५ मीटर. टायरच्या साइझवरून काढलेला घेर यापेक्षा थोडा जास्त येतो, कारण वजनाखाली टायर दबतो. म्हणून मोजलेलाच धरा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, तेव्हा चाक सेकंदाला ७.४ फेरे घेतं. डिफ ३.९०९ चा, म्हणून प्रोपेलर २९ फेरे. त्याला १.४०९ ने गुणलं की मधला शाफ्ट ४१. वेग जीपीएसवरचाच घ्या. मोठ्या टायरवर गाडीचा काटा कमी दाखवतो, आणि सगळं गणित तिथेच बिघडतं.

आता मोजायचं कसं? आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. फोनमधल्या सेन्सरवरून ते थरथरीची वारंवारता काढून देतं. फोन ट्रान्सफरच्या वरच्या फ्लोअरवर दुहेरी टेपने घट्ट चिकटवला. खिशात किंवा होल्डरमध्ये ठेवलेला फोन निरुपयोगी, होल्डरच हलतो. फोनचा सेन्सर सेकंदाला किती वेळा वाचतो तेही ॲपमध्ये बघून घ्या. त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतच आलेख खरा असतो.

आलेख घेण्याआधी रिम आतून धुतले, आणि हे काम कुणीही टाळू नये. माळव्याची काळी माती पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळून दगड होते. मागच्या उजव्या रिममधून तळहाताएवढी खपली निघाली, ती पाना लावून उपटावी लागली. तेवढं वजन एका बाजूला असलं तर गाडी हलणारच. साठच्या वेगाला सेकंदाला ७ च्या आसपास दिसणारी थरथर चाकाची असते. माझी ती धुण्यानेच गेली. पण साठची मुख्य थरथर होती तिथेच होती.

रामबागेतल्या दादांना शेजारी बसवलं. ते आकडे वाचणार, मी साठवर वेग धरून ठेवणार. सर्वांत उंच शिखर आलं सेकंदाला ५८ वर, दुसरं ४१ वर. २९ वर जवळपास काही नाही.

५८ म्हणजे २९ ची दुप्पट, आणि सगळं या दुप्पटीत आहे. शाफ्टचा बॅलन्स गेला असता तर फेऱ्याला एकदा झटका बसला असता, म्हणजे २९. फेऱ्याला दोनदा झटका देतो तो क्रॉस, कोनात फिरत असताना. एका टोकाला फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने बसतो ती चकती) सारख्या वेगाने फिरत असला तरी कोनातल्या क्रॉसपलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ९ अंशाच्या कोनात हा फरक सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, ५ अंशात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दोन टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे शाफ्टचे काटे) एका रेषेत असले की दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पुसतो. कोन वेगळे असले की उरलेला झटका डिफमध्ये जातो.

पुढचा शाफ्ट आधी बाद केला. माझ्याकडे मॅन्युअल हब आहेत, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला हाताने जोडता-सोडता येतात. टू-व्हील ड्राइव्हमध्ये हब मोकळे ठेवून आणि मग लॉक करून, दोन्हीकडे साठवर चालवून बघितलं. लॉक केल्यावर पुढचा शाफ्ट चाकांमुळे फिरतो, पण शिखरात फरक पडला नाही. मग मागचा शाफ्ट काढला. जिप्सीत तो दोन्ही टोकांना फ्लँजवर चार-चार बोल्टने बसतो, त्यामुळे काढला तरी ट्रान्सफरचं तेल गळत नाही. फोर-हायमध्ये (फोर-व्हील ड्राइव्ह, हाय रेंज) हब लॉक करून फक्त पुढच्या चाकांवर बायपासवर गेलो. ५८ गायब. चोर मागेच होता.

कोन मोजताना गाडी चाकांवर, सपाट फरशीवर हवी. चेसिस जॅकवर उचलून मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवला तर कोन वेगळेच येतात, त्यांना काही अर्थ नाही. डिजिटल कोनमापक चुंबकाने चिकटतो, काम झटपट होतं. ट्रान्सफरचा फ्लँज ३ अंश, शाफ्ट १२ अंश, पिनियनचा (डिफमध्ये शिरणाऱ्या दातेरी दांड्याचा) फ्लँज ७ अंश. म्हणजे वरच्या क्रॉसवर ९, खालच्यावर ५. शाफ्टच्या दोन भागांच्या खाचेदार जोडावरच्या (स्प्लाइनवरच्या) खुणा जुळत होत्या, योक एका रेषेत होते. कारण शॅकलमध्ये होतं: मागचा शॅकल लांब केला की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, ॲक्सल फिरतो आणि पिनियनचं नाक वर उचलतं. नुसती पानं वाढवून उचललेल्या गाडीत दोन्ही कोन मोठे होतात पण बहुतेक सारखे राहतात. शॅकलच्या लिफ्टला पाचर लागते, हे लिफ्ट किट विकणाऱ्यांनी बॉक्सवर छापायला हवं.

सांवेर रोडच्या लेथवर ४ अंशाच्या स्टीलच्या पाचरी करून घेतल्या. ॲल्युमिनियमच्या तयार मिळतात, पण खडकांवर पाटे सतत वळतात, तिथे त्या फुटतात आणि ॲक्सल मोकळा होतो. मला तो धोका नकोच. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात, म्हणून पाचर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये, जाड बाजू मागे. तशी बसवली की पिनियनचं नाक खाली येतं. सेंटर बोल्ट लांब लागतो आणि यू-बोल्ट नवेच घ्यावेत. ताणलेले जुने पुन्हा आवळू नका. पन्नासेक किलोमीटर चालवून परत आवळले.

पुन्हा मोजलं तर ९ आणि ९. ५८ चं शिखर जेमतेम दिसेल इतकं खाली आलं. पूर्ण गेलं नाही, आणि ते अपेक्षितच होतं. कोन सारखे झाले की डिफला सारखा वेग मिळतो, पण दोन क्रॉसच्या मधला तो मागचा शाफ्ट स्वतः पुढे-मागे होतच राहतो. ते कमी करायचं तर कोनच कमी करावा लागेल.

उरलं ४१. चौथा गिअर एकास एक, त्यामुळे इंजिनही साठला ४१ फेरेच घेतं, तिथे दोघांत फरक करता येत नाही. म्हणून त्याच वेगाला पाचव्यात टाकलं. इंजिन ३२ वर उतरलं, शिखर ४१ वरच राहिलं. म्हणजे मधला आखूड शाफ्ट, आणि तोही फक्त एक्सलरेटरवर. खाली जायची गरजच पडली नाही. ट्रान्सफरचा लीव्हर थेट केसवर बसलेला असतो. दादांनी त्यावर नजर ठेवली, मी एक्सलरेटर दाबला-सोडला. लीव्हर दर वेळी अंगठ्याभर उडी मारत होता.

ट्रान्सफर रबरच्या तीन माउंटिंगवर लटकतो. त्यातल्या एकाचं रबर लोखंडापासून सुटलं होतं, हाताने उघडमीट होत होती. जोर आला की केस वळतो, आणि शाफ्ट इतका आखूड की केस थोडासा हलला तरी त्याचा कोन भलताच बदलतो. याच कारणाने कोन सुधारायला ट्रान्सफर खाली सोडण्याचा उपाय मला जिप्सीत पटत नाही. मागचा शाफ्ट सरळ होतो आणि हा वाकडा. तिन्ही माउंटिंग नवे बसवले, लीव्हर स्थिर झाला, ४१ चं शिखर बसलं. घुमणारा आवाज बहुतेक त्याच्याबरोबर गेला.

बायपासवर सत्तरला आता शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. सिमरोलच्या घाटात उतारावर, एक्सलरेटर सोडल्यावर, मागून एक बारीक रडका सूर अजून येतो, दाबला की थांबतो. फक्त सोडल्यावर येणारा सूर म्हणजे पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (बसवताना दिलेला ताण) ढिला झाल्याची शंका आधी घ्यायची. इतके दिवस ५८ चे झटके त्याच बेअरिंगने खाल्ले आहेत. पुढची नोंद डिफ उघडल्यावर. जिप्सीच्या पिनियनला क्रश स्लीव्हऐवजी (आवळताना चेपून तो ताण धरणाऱ्या नळीऐवजी) सॉलिड स्पेसर घालून ज्यांनी खडकांवर गाडी चालवली आहे, त्यांनी शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) कितीची लागली ते जरूर कळवा.