एकच कोट, पाच महिने आणि आईचा संशय

गेल्या आठवड्यात आईने व्हिडिओ कॉलवर एकदम गंभीर चेहरा करून विचारलं, "पैशाचं काही अडलंय का गं?" मला कळेचना. मग म्हणाली, तू नोव्हेंबरपासून पाठवलेले फोटो बघत बसले होते, बर्फातले, ऑफिसच्या ट्रिपचे, मैत्रिणीच्या वाढदिवसाचे, सगळ्यात तोच निळा कोट. दुसरं काही नाहीये का तुझ्याकडे?

आहे गं बाई. नको तेवढं आहे, तोच तर प्रॉब्लेम होता.

झालं असं की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडे युरोपात हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे जातात, त्या दिवशी मी दरवर्षी थंडीचे कपडे वर काढते. यंदा काढले आणि सहज मोजले. मोजे आणि आतले कपडे सोडून ९४ नग. त्यात स्वेटर ११. मी चार वर्षांपूर्वी इकडे आले ती २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन, त्यात कपडे, पुस्तकं, कुकर, आईने कोंबलेलं सगळं आलं आणि पहिलं वर्ष त्यावर व्यवस्थित गेलं, मग हे बाकीचं आलं कुठून आणि कशासाठी? त्याच रात्री ठरवलं की आता सहा महिने कपड्यांची खरेदी बंद. मोजे, आतले कपडे आणि फाटलेले बूट एवढीच सूट.

मग अर्थातच नेटवर वाचत बसले. कॅप्सूल वॉर्डरोब हा शब्द १९७० च्या दशकात लंडनच्या सुझी फॉ यांनी रुळवला, म्हणजे थोडेच पण चांगले कपडे, एकमेकांवर जाणारे, वर्षानुवर्षं टिकणारे. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरनने सात कपड्यांचा सेट काढून तीच गोष्ट ऑफिसात जाणाऱ्या बायकांसाठी गाजवली. आणि २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन बाईने चॅलेंज सुरू केलं, तीन महिने फक्त ३३ वस्तू, त्यात बूट, दागिने, गॉगल पण मोजायचे. ते मी नऊ दिवस करून बघितलं. टोपी एक, हातमोजे दोन, मफलर, बर्फातले बूट, ऑफिसातले बूट, हे इकडे शौक म्हणून नसतं हो, पण ३३ मधले सहा त्यातच गेले! म्हणून मी ते नियम गुंडाळून ठेवले आणि स्वतःचं गणित मांडलं. (नियम मोडण्यात आपला हात कोणी धरणार नाही.)

गणित काय, तर पाच महिने लोकांना तुमचा फक्त कोट दिसतो. आणि आत शिरलात की हीटिंग २२ डिग्रीवर. म्हणजे बाहेर उणे सहा असताना कोट पुरतो आणि आत जाडा स्वेटर घालून बसलं की तासाभरात घाम फुटतो. माझ्या ११ पैकी सात स्वेटर जाडे होते, दुकानात हात फिरवून, "अहाहा किती ऊबदार" म्हणून घेतलेले, अशा हवेसाठी जी मला कधी लागतच नाही. मी जंगलात लाकडं तोडायला थोडीच जाते. चालतं काय, तर अंगाला चिकटून बारीक मेरिनो लोकरीचा टीशर्ट, त्यावर शर्ट, त्यावर पातळ स्वेटर, गरम झालं की एकेक काढायचं. आतून कॉटन घालायची माझी जुनी सवय, ती मोडायला दोन हिवाळे गेले. कॉटन घाम पितं आणि ओलंच राहतं, मग बसस्टॉपवर पाठ बर्फ होते.

तर सगळा भार त्या एका कोटावर, आणि जानेवारीत त्याचीच चेन गेली. सकाळची बस, हात गारठलेले, मी चेन वर ओढतेय आणि ती खालून उघडत चाललीय. ऑफिसात पोचेपर्यंत मनातल्या मनात नवीन कोट घेऊन झाला होता, नियमाला अपवाद म्हणून. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा कलीग, साठीचा असेल, ड्रॉवरमधून पक्कड घेऊन आला. (कामाच्या ड्रॉवरमध्ये पक्कड कोण ठेवतं?) म्हणाला दाते ठीक आहेत, रनर सैल झालाय. रनर पार खाली आणला, त्याची मागची कड एका बाजूने हलकेच दाबली, मग दुसऱ्या बाजूने, जास्त दाबलं तर अडकून बसेल म्हणाला. वर पेन्सिलचं शिसं दात्यांवर घासून दिलं. दोन मिनिटं. चेन आजपर्यंत चालतेय.

त्या माणसाचा स्वेटर मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. करडा, कोपरावर मोहरीच्या रंगाच्या लोकरीने रफू केलेला, लपवायचा काही प्रयत्नच नाही. आठवड्यात तीनदा तोच असतो आणि चार वर्षांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. म्हणजे माझं पण कोणी बघत नसणार ना?

आता तुम्ही म्हणाल यात काय मोठंसं, आपल्याकडे हे पिढ्यानपिढ्या चालतं, फक्त कोणी त्याला कॅप्सूल म्हणत नव्हतं. खरंय, मी पण त्या कलीगला हेच ऐकवलं जरा तोऱ्यात. पण रफू मला स्वतःला येत नाही, हे सांगितलं नाही.

मध्ये एक मफलर घेतला. मैत्रिणीला द्यायला घेतला होता, तिचा आवडता रंग वेगळा निघाला. तो धरत नाही मी.

आता परत आवराआवर. लोकरीचं सगळं धुऊन मगच बॉक्समध्ये, कारण कसरीला घामाचे आणि सांडलेल्याचे डाग आवडतात. ज्या स्वेटरला आधीच भोक दिसलं तो कसर मरावी म्हणून पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, नवरा रोज बर्फ काढताना त्याला बाजूला करतो आणि काही बोलत नाही. पिसांचं जाकीट मात्र हवा काढायच्या पिशवीत ठेवू नका, पिसं चपटी होतात, मग ऊब राहत नाही.

या रविवारी घड्याळं पुढे गेली. कोट धुवून वाळत टाकला आणि उन्हाळ्याच्या बॉक्समधला फिरोजी टॉप घालून आईला कॉल लावला. पहिल्या बॅगेतला टॉप, तिनेच घडी करून ठेवलेला.

"हा छान आहे हं," आई खूश. "नवीन घेतलास?"

हो म्हटलं.