मुखवटा आधी उलटा करून बघा

हस्तकलेच्या कुठल्याही स्टॉलवर मुखवटा दिसला की मी तो पहिल्यांदा उलटा करते. रंग, मिशा, वटारलेले डोळे सगळं छानच असतं हो, पण मला आधी आत बघायचं असतं. कडा घासल्यात का, कपाळाला तो कुठे टेकणार, नाकाखाली श्वासाला जागा आहे का, दोरी कुठून ओवलीय. आतून नुसता खरखरीत कागद आणि सुकलेल्या फेविकॉलचे थेंब दिसले की समजायचं, हा भिंतीवर टांगायचा आहे. तसा घ्यायलाही काही हरकत नाही. पण मुखवटा करणाऱ्याची खरी परीक्षा आतल्या बाजूला होते असं माझं ठाम मत आहे, आणि बडोद्यात गणपतीत मुलांच्या नाटकांसाठी मुखवटे करता करता ते मत अजूनच पक्कं झालंय.

मी कागदाचेच करते. आमच्या दांडिया बाजारच्या बाजूला गणपतीच्या आधी शाडू सहज मिळतो, मूर्तिकार काका उरलेला गोळा देऊनही टाकतात. पाटावर शाडूचा चेहरा घडवायचा, पण त्याआधी ज्याला घालायचाय त्या पोराचं माप घ्यायचं. कपाळ ते हनुवटी, गालाच्या हाडापासून गालाच्या हाडापर्यंत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. मोठ्या माणसात ते साधारण सव्वासहा सेंटिमीटर असतं, लहान मुलात पाचच्या आसपास. इथे अर्धा सेंटिमीटर जरी चुकला तरी पोरगं एकाच डोळ्याने बघत स्टेजवर फिरतं आणि मग मान वाकडी ठेवतं, आणि प्रेक्षकांना वाटतं याला अभिनय येत नाही.

कागद म्हणजे पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे, जायच्या आधीचे पेपर. कात्रीने कापायचे नाहीत, हातानेच फाडायचे, कारण फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मुरतात आणि जोड दिसत नाही. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून लावायचा, खळ अजिबात नको, म्हणजे नंतर साच्यावरून सुटतो. त्यानंतर एक थर छापील पेपरचा, एक ब्राऊन पेपरचा, असं आलटून पालटून. रंग बदलला की कळतं कुठे थर पूर्ण झालाय आणि कुठे पातळ राहिलंय. सहा-सात थर पुरतात. नाकाच्या कडेला आणि ओठांच्या खाचेत मात्र बोटाच्या नखाने कागद दाबून बसवावा लागतो, नाहीतर खाली हवा राहते आणि वाळल्यावर तिथे टुकटुक वाजतं.

खळ मैद्याची, घरी शिजवलेली. बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालतात, कसर लागत नाही म्हणून, पण तो विषारी आहे, तोंडावर बांधायच्या वस्तूत तो घालूच नये. मी मेथीची पूड घालते. आपल्याकडे जुन्या बायका कागदाच्या लगद्यात मेथी वाटून सुपं-टोपल्या लिंपायच्या ना, तेच. मेथी भिजली की चिकट होते आणि कडूपणाने किडेही लांब राहतात. आतून थोडा मेथीचा वास येतो, मुलं पहिल्या दिवशी नाक मुरडतात, मग विसरतात.

वाळवणं हे बडोद्यातलं मोठं प्रकरण आहे. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस डिग्रीत गच्चीवर ठेवला की वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच, आणि कडा पापडासारख्या वळतात. म्हणून सावलीत, पंख्याखाली, साच्यावरच ठेवून. सुटल्यावर आतून जुन्या धोतराचं मऊ कापड चिकटवायचं, कपाळाला आणि गालांच्या हाडांना फोमच्या छोट्या पट्ट्या. सगळं वजन या तीन जागांवर यायला हवं, नाकावर बिलकुल नाही. दोरी डोळ्यांच्या रेषेच्या थोडी वर, कानशिलापाशी. मग बाहेरून खडूची पावडर आणि फेविकॉलचं अस्तर, पॉलिश पेपर, रंग. मंगळ बाजारातून आणलेल्या लेस आणि टिकल्या सगळ्यात शेवटी, मुलांना हाच भाग सगळ्यात प्रिय.

आता हे सगळं माझ्या डोक्यातलं खूळ नाही बरं का. जिथे जिथे मुखवट्याची मोठी परंपरा आहे तिथे आतल्या माणसाचा विचार दिसतोच. सरायकेला छाऊ बघा, झारखंडमधला नाच. तो मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसतो, श्वास घ्यायला फार कमी वाव, म्हणून तिथले एकेक नाच छोटे असतात, काही मिनिटांचे. म्हणजे नाचाची लांबीच श्वासाने ठरवली! बंगालमधल्या पुरुलियाचा छाऊ वेगळा, तिकडे चारिदा नावाच्या गावात सूत्रधार समाजाची घरंच्या घरं मुखवटे करतात, मातीच्या साच्यावर बारीक राख भुरभुरवून वर कागदाचे थर, मग माती, कापड, आणि लाकडी हत्याराने घासून घासून गुळगुळीत. वर मणी-पिसांचा केवढा मोठा मुकुट, आणि तो घालून माणूस हवेत उडी मारून गुडघ्यांवर पडतो. ओडिशातल्या मयूरभंजचा छाऊ तर मुखवट्याशिवायच नाचतात. २०१० मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिन्ही एकत्र गेले.

जपानच्या नो नाटकातला मुखवटा तर चेहऱ्यापेक्षा लहान असतो, हनुवटी खालून दिसते, आणि डोळ्यांची भोकं इतकीशी की नटाला स्टेजची कड कळत नाही. म्हणून स्टेजच्या कोपऱ्यात खांब, त्याच्यावर नजर ठेवून तो आपली जागा ओळखतो. आणि मुखवटा किंचित वर केला की हसरा दिसतो, खाली झुकवला की उदास. एकच लाकूड, एकच रंग. हे वाचल्यापासून मी मुलांना आरशासमोर फक्त मान वर-खाली करायची प्रॅक्टिस देते, हात-पाय हलवायचे नाहीत.

मला सगळ्यात कामी आलं ते मात्र माजुली. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेतलं बेट, तिथल्या सत्रांमध्ये, म्हणजे वैष्णव मठांमध्ये, भाओना या धार्मिक नाटकांसाठी मुखवटे होतात. बांबूच्या पट्ट्यांचा सांगाडा विणतात, त्यावर मातीत बुडवलेलं कापड, वर माती आणि शेणाचा लेप. सामागुरी सत्राच्या हेमचंद्र गोस्वामींनी जबडा हलणारे मुखवटे केले, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू त्याच जागेची अशी सरकारी ओळख. आमच्या नाटकात जटायू होता तेव्हा चोच नुसत्या कागदाची केली असती तर पुढून एवढं वजन आलं असतं की पोराची मानच खाली गेली असती. बांबूच्या चिपांची पोकळ चोच केली, वर फक्त दोन थर कागद, आणि डोक्याच्या मागे पिसांचा जुडगा मुद्दाम जड ठेवला. तोल बरोबर मधोमध आला. जटायू झालेला मुलगा तालमीत म्हणाला, "ताई, मी हे घालून धावू पण शकतो." मला त्याहून मोठं सर्टिफिकेट नको.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा आहे आणि इकडे गुजरातेत डांगात भवाडा, दोन्ही मुखवटे घालून नाचायचे गावाचे सोहळे. रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग येतं, गणपती, रावण, नरसिंह, पुष्कळ गावांत कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं तेही ठरलेलं. बडोद्यातल्या किती मराठी घरांनी भवाडा पाहिलाय? डांग काय इतका लांब नाही. आपण पोरांना मॉलमध्ये सुपरहिरोचे प्लास्टिकचे मुखवटे घेऊन देतो, तेही रबर कानाला काचणारे, आणि आपल्याच मुलखातली ही एवढी मोठी कला आपल्या गप्पांत येतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिवाणखान्यासाठी शोपीस म्हणून घेतला तरी चालेल, पण करणाऱ्याकडून घ्या, घासाघीस करू नका, आणि त्याला विचारा की हा घालून नाचतात तेव्हा कुठून बघतात. तो लगेच चेहऱ्याला लावून दाखवतो.

यंदा आमच्याकडे वानरसेना आहे आणि मुलं स्वतःचे मुखवटे स्वतः करणार आहेत, मी फक्त डोळ्यांची भोकं आणि कडा बघणार. पावसात एकेक मुखवटा वाळायला आठवडाही जातो, त्यामुळे मापं जूनमध्येच घ्यायला लागतील. ज्यांना मुलांना पाठवायचंय त्यांनी जुनं मऊ सुती कापड आत्तापासून बाजूला काढून ठेवा, नवं नको, नवं टोचतं.