परीक्षेसाठी 200 औषधं लक्षात ठेवताना: माझा अनुभव

अमेरिकेत फार्मसी टेक्निशियनच्या प्रमाणपत्रासाठी पीटीसीबी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा असते. 1 तास 50 मिनिटांत 90 प्रश्न सोडवायचे. त्यातल्या 80 प्रश्नांचेच गुण धरतात. सर्वांत मोठा वाटा औषधांचा, म्हणून बहुतेक जण जास्त खपाच्या 200 औषधांची यादी घेऊन बसतात. ती यादी अकारविल्हे पाठ करू नये, असं माझं ठाम मत आहे. शेजारी असलेली दोन औषधं एकमेकांची काहीच लागत नाहीत, आणि चार दिवसांत सगळी सरमिसळ होते.

मी यादी गटांत फोडली. जेनेरिक नावाचा शेवट बहुधा गट सांगतो. लिसिनोप्रिल, एनालाप्रिल, रॅमिप्रिल: रक्तदाब, कोरडा खोकला, गरोदरपणात वर्ज्य. लोसार्टन, व्हाल्सार्टन: कामाची दिशा तीच, पण खोकला क्वचित, म्हणून प्रिल सोसत नसेल तर डॉक्टर बरेचदा सार्टनकडे वळतात. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल: नाडी मंदावते, एकदम बंद करायची नाहीत. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन: स्नायुबंध फाटण्याचा धोका. गटाचा एक धोका कळला की पाच-सहा औषधं एकदम हाती लागतात.

अपवाद मात्र त्याच दिवशी लिहून ठेवावेत. ॲटॉर्व्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलवर, पण निस्टॅटिन बुरशीवर. ओमेप्राझोल आम्लपित्तावर, पण ॲरिपिप्राझोल मानसिक आजारावर. चुकीचे पर्याय नेमके अशा जोड्यांतून रचता येतात.

कार्डाच्या एका बाजूला फक्त जेनेरिक नाव. मागे ब्रँड, गट, उपयोग, आणि रुग्णाच्या हाती औषध देताना बाटलीवर लावायची एक सूचना. एकच. लेव्होथायरॉक्सिन: सकाळी रिकाम्या पोटी, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास दूर. मेट्रोनिडाझोल: मद्य टाळा. वॉरफरिन: रक्तस्रावाकडे लक्ष, आहारातल्या व्हिटॅमिन केचं प्रमाण रोज साधारण सारखं. नायट्रोग्लिसरीनच्या जिभेखालच्या गोळ्या: मूळ काचेच्या बाटलीतच. पाच-सात सूचना कोंबलेलं कार्ड डोळ्यांखालून जातं, डोक्यात उतरत नाही. आणि कार्ड उलटंही वाचावं; ब्रँडवरून जेनेरिक आठवणं हा निराळा सराव आहे, तो न केलेला माणूस परीक्षेत अडखळतो.

सारख्या दिसणाऱ्या नावांना वेगळा वेळ द्यावा, कारण तिथली चूक रुग्णाला भोवते. हायड्रॅलझिन रक्तदाबावर, हायड्रॉक्सिझिन खाज आणि अस्वस्थतेवर. सेलेब्रेक्स म्हणजे सेलेकॉक्सिब, वेदनाशामक. सेलेक्सा म्हणजे सिटालोप्रॅम, नैराश्यावरचं. मेटोप्रोलोल टार्ट्रेट सहसा दिवसातून दोनदा, सक्सिनेट हळूहळू सुटणारं म्हणून एकदा. मेथोट्रेक्झेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घेतात. चिठ्ठीवर ‘रोज’ दिसलं तर थांबून फार्मासिस्टला दाखवायचं. या जोड्या मी कार्डांत विखुरल्या नाहीत, एका कागदावर समोरासमोर लिहिल्या.

नियंत्रित औषधांचं शेड्यूल, म्हणजे गैरवापराच्या धोक्यानुसार कायद्याने ठरवलेला क्रमांकाचा वर्ग, त्याच कार्डावर कोपऱ्यात असावं. ऑक्सिकोडोन दोन, तिथे रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध, नाहीच. 2014 पासून हायड्रोकोडोनची मिश्रणंही दोनमध्ये आहेत. जुन्या टिपणांत ती तीनमध्ये सापडतील, ती खोडावीत. अल्प्राझोलॅम, झोल्पिडेम आणि ट्रामाडोल चारमध्ये: सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच रिफिल.

साठवणूक थोडक्यात आटोपते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं पाणी घालून तयार केलेलं पातळ औषध फ्रीजमध्ये, 10 दिवस. लॅटॅनोप्रोस्टचे डोळ्याचे थेंब न उघडलेले फ्रीजमध्ये, उघडल्यावर खोलीच्या तापमानाला 6 आठवडे.

इन्सुलिनपाशी औषधाची माहिती आणि गणित एकत्र येतात. ग्लार्जिनची 10 मिलीची बाटली, दर मिलीला 100 युनिट, म्हणजे एकूण 1000. रुग्ण रोज 20 युनिट घेत असेल तर भागाकार 50 दिवस सांगतो. पण लँटसची (ग्लार्जिनचा एक ब्रँड) उघडलेली बाटली 28 दिवसांनी टाकून द्यावी लागते, म्हणून ‘किती दिवसांचा साठा’ या रकान्यात 28 लिहायचे. रोज 40 युनिट असतील तर बाटली 25 दिवसांत संपते, तिथे 25च. आधी भागाकार, मग मुदत, आणि दोन्हींतला लहान आकडा.